राखणीचे पैसे

१ मार्च १८७२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी एका कायद्यावर सही केली आणि यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान जन्माला आले. गरम पाण्याचे फवारे, रंगीत कुंडे, गवे आणि अस्वले असलेला वीस लाख एकरांहून मोठा मुलूख एका सहीसरशी जनतेच्या नावे राखून ठेवला गेला. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. त्या कायद्यात उद्यानासाठी एका डॉलरचीही तरतूद नव्हती. उद्यानाच्या पुरस्कर्त्यांनीच काँग्रेसला (म्हणजे अमेरिकेच्या संसदेला) भरवसा दिला होता की सरकारी तिजोरीला याचा काही भार पडणार नाही. हॉटेलवाल्यांकडून येणाऱ्या भाड्यावर सगळे निभावेल.

नथॅनिएल लँगफर्ड हा पहिला अधीक्षक बिनपगारी होता. पोटासाठी तो बँकांच्या तपासनिसाचे काम करी आणि पाच वर्षांच्या कारकिर्दीत उद्यानात फारसा फिरकलाच नाही. त्याला दोष तरी कसा द्यावा? हाताखाली एकही माणूस नाही, नियम मोडणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा नाही आणि जवळचा रेल्वेमार्ग शेकडो किलोमीटर लांब. शिकारी आले, कातडी सोलून घेऊन गेले. हौशी प्रवाशांनी हजारो वर्षांत साचलेले कुंडांचे नक्षीदार काठ कुऱ्हाडीने फोडून आठवण म्हणून घरी नेले. १८७८ मध्ये पहिल्यांदा १० हजार डॉलर मिळाले. १८८० मध्ये हॅरी याउंट नावाचा एक राखणदार नेमला गेला. एवढ्या मोठ्या प्रदेशाला एक माणूस पुरा पडणार नाही, शिस्तबद्ध पथकच हवे, असे आपल्या अहवालात लिहून त्याने पुढच्याच वर्षी नोकरी सोडली.

राष्ट्रीय उद्यानांच्या इतिहासातली पहिली मोठी कपात झाली १८८६ साली. उद्यानाचा कारभार ढिसाळ आहे, अधिकारी वशिल्याचे आहेत, अशा तक्रारी होत्या आणि त्यांत तथ्यही होते. कारभार सुधारण्याऐवजी काँग्रेसने त्या वर्षी पैसेच बंद केले. पगार नाही म्हटल्यावर मुलकी व्यवस्था कोलमडली आणि उद्यान घोडदळाच्या हवाली करावे लागले. ऑगस्टमध्ये कॅप्टन मोझेस हॅरिस आपली तुकडी घेऊन आला तेव्हा रानात ठिकठिकाणी वणवे पेटलेले होते. ही तात्पुरती सोय १९१८ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षे चालली. मुलकी खात्याचे वाचवलेले पैसे लष्करी खात्यातून खर्च झाले, एवढाच काय तो फरक.

सैनिकांनी काम चोख केले, पण त्यांचेही हात बांधलेले होते. मार्च १८९४ मध्ये एडगर हॉवेल नावाचा शिकारी गव्यांची कत्तल करताना रंगेहाथ सापडला. त्याला उद्यानाबाहेर हाकलण्यापलीकडे काहीही करता येत नव्हते, कारण शिक्षेचे कलमच अस्तित्वात नव्हते. वर्तमानपत्रांतून गवगवा झाल्यावर दोन महिन्यांत तसा कायदा झाला. तरीही १९०२ पर्यंत यलोस्टोनमधले मुक्त गवे जेमतेम पंचवीसच्या आसपास उरले होते. आज तिथे हजारोंच्या संख्येने दिसणारा गवा त्या मूठभर जनावरांच्या आणि बाहेरून आणलेल्या काहींच्या वंशातला आहे. वाचवायचे ठरवून तीस वर्षे उलटल्यानंतरची ही अवस्था होती.

एक गोष्ट इथेच नोंदवली पाहिजे. हा मुलूख 'निर्मनुष्य' होता हे खरे नव्हे. टुकुडिका, म्हणजे रानमेंढीच्या शिकारीवर जगणारी शोशोनी मंडळी, तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. उद्यान झाल्यावर त्यांना राखीव वस्त्यांत हलवण्यात आले. राष्ट्रीय उद्यानाचे मोल मांडताना ज्यांनी त्याची किंमत मोजली त्यांना हिशेबातून वगळू नये. आपल्याकडच्या व्याघ्रप्रकल्पांतून उठवलेल्या गावांनाही हे सांगायला नको.

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान सेवा हे स्वतंत्र खाते स्थापन झाले ते २५ ऑगस्ट १९१६ रोजी. पहिले संचालक स्टीफन मेदर टाकणखाराच्या धंद्यात गबर झालेले गृहस्थ. त्यांनी खात्याच्या प्रसिद्धिप्रमुखाचा पगार स्वतःच्या खिशातून दिला. योसेमिटीतून जाणारा टायोगा रस्ता खासगी मालकीचा होता. तो मित्रांच्या मदतीने विकत घेऊन सरकारला देऊन टाकला. माणूस थोर होता यात वाद नाही. पण देशाची उद्याने एका सधन माणसाच्या मनाच्या मोठेपणावर चालावीत, हे त्या खात्याच्या कपाळी जन्मतःच लिहिले गेले आणि अजून ते पुसलेले नाही.

दुसऱ्या महायुद्धात उद्यानांचा निधी आटला आणि युद्धाच्या कामातल्या कार्यालयांना जागा करून देण्यासाठी खात्याचे मुख्यालयसुद्धा वॉशिंग्टनमधून शिकागोला हलवावे लागले. युद्ध संपले, मोटारी वाढल्या, लोक सहकुटुंब फिरायला निघाले. निधी मात्र त्या वेगाने वाढला नाही. १९५३ मध्ये इतिहासकार बर्नार्ड डीव्होटो यांनी 'हार्पर्स' मासिकात लेख लिहून सुचवले की राखता येत नसतील तर राष्ट्रीय उद्याने बंद करून टाका. अर्थात सूचना उपरोधाची होती. १९५६ मध्ये 'मिशन ६६' ही दहा वर्षांची योजना सुरू झाली आणि सुमारे १०० कोटी डॉलर खर्चून रस्ते, जलवाहिन्या, माहिती केंद्रे बांधली गेली. आज मोडकळीला आलेले बरेचसे बांधकाम त्याच काळातले आहे.

आता मोलाचा प्रश्न घेऊ. अमेरिकेची उद्यान सेवा ४३३ स्थळे सांभाळते. त्यांतली ६३ 'राष्ट्रीय उद्यान' या नावाची, बाकी रणभूमी, स्मारके, समुद्रकिनारे, ऐतिहासिक घरे. २०२३ मध्ये या सगळ्यांना मिळून ३२ कोटी ५५ लाख भेटी झाल्या. पर्यटकांनी आसपासच्या गावांत २,६४० कोटी डॉलर खर्च केले आणि त्यावर सुमारे ४ लाख १५ हजार नोकऱ्या उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी भेटींचा आकडा ३३ कोटी १९ लाखांवर गेला, आजवरचा उच्चांक. या पसाऱ्यासाठी काँग्रेस वर्षाला साधारण ३३० कोटी डॉलर देते. केंद्र सरकारच्या एकूण खर्चाशी ताडून पाहिले तर दर हजार डॉलरमागे जेमतेम अर्धा डॉलर.

उद्यानांचे पाठीराखे हे आकडे पुढे करतात तेव्हा सभागृहात मान डोलावली जाते. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. यलोस्टोनला न गेलेले कुटुंब ते पैसे दुसरीकडे कुठेतरी खर्च करीलच. म्हणजे सगळी रक्कम देशाच्या संपत्तीत पडलेली भर नव्हे. शिवाय पर्यटकांच्या खर्चावर उद्यान तोलायचे ठरवले की ज्या उद्यानात हॉटेले कमी, गर्दी कमी, ते आपोआप हलके ठरते. अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१६ मध्ये वेगळा मार्ग धरला. उद्याने टिकावीत म्हणून अमेरिकी कुटुंबे स्वतःच्या खिशातून किती पैसे द्यायला तयार आहेत, असे त्यांनी विचारले. उत्तरांवरून काढलेला अंदाज होता वर्षाला ९,२०० कोटी डॉलर. त्यात उद्यानांत कधीही पाऊल न टाकणाऱ्यांच्या इच्छेचेही मोल धरलेले होते. पाणी, हवा, रान यांची गणिते आणखी निराळी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे आहेत म्हणून आपण कौतुक करतो. पण मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार हे दोन तलावही त्याच रानाच्या कुशीत आहेत, हे किती मुंबईकरांच्या लक्षात असते?

तरीही माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण आहे यलोस्टोनच्या एका कुंडातल्या शेवाळासारख्या थराचे.

थॉमस ब्रॉक हे इंडियाना विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात उन्हाळ्यात यलोस्टोनला येत. उकळत्या पाण्याच्या जवळपास काय जगते, हे त्यांना पाहायचे होते. एवढ्या तापमानात जीवाणू तग धरत नाहीत अशी तेव्हाची समजूत. १९६६ मध्ये 'मशरूम स्प्रिंग' नावाच्या झऱ्यातून घेतलेल्या नमुन्यातून हडसन फ्रीझ या त्यांच्या विद्यार्थ्याने एक जीवाणू वाढवून दाखवला. ७० अंश सेल्सियसला तो मजेत वाढत होता. १९६९ मध्ये त्याचे बारसे झाले: थर्मस अ‍ॅक्वाटिकस. नमुना जतनपेढीत ठेवला गेला. त्यातून काही कमवावे असे कोणाच्या डोक्यातही नव्हते.

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत काम करणाऱ्या कॅरी म्युलिस यांना डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढण्याची युक्ती सुचली. तीच पीसीआर. युक्ती छान होती, पण अडचण अशी की प्रत्येक फेरीत मिश्रण जवळजवळ उकळीपर्यंत तापवावे लागे आणि त्या उष्णतेत प्रती काढणारे विकर नासून जाई. दर फेरीला नवे विकर घाला, पुन्हा तापवा, पुन्हा घाला. मग कोणाला तरी यलोस्टोनचा जीवाणू आठवला. जो मुळात कढत पाण्यातच राहतो त्याचे विकर उष्णतेला कशाला भिईल? ते 'टॅक' विकर वापरल्यावर काम सुरळीत झाले, यंत्रावर सोपवता आले. १९९१ मध्ये पीसीआरचे हक्क हॉफमन-ला रोश कंपनीने ३० कोटी डॉलरना घेतले, १९९३ मध्ये म्युलिस यांना नोबेल मिळाले. गुन्ह्यांचा तपास, पितृत्वाची चाचणी, क्षयाचे निदान, जनुकांचे वाचन, सगळीकडे हे तंत्र पोचले. करोनाच्या दिवसांत आपण नाकात काडी घालून घेतली आणि अहवालाची वाट पाहत बसलो, ती आरटी-पीसीआर चाचणीही याच तंत्राची. यलोस्टोनला यातून एक छदामही मिळाला नाही. पुढे १९९८ मध्ये उद्यानांतल्या संशोधनाच्या लाभात वाटा मागता येईल अशी कायद्यात सोय झाली ती अशा अनुभवांनंतर.

१९६६ च्या अंदाजपत्रकात 'गरम झऱ्यातला बुळबुळीत थर' या नावाने मत्ता दाखवणे कोणत्याही हिशेबनिसाला शक्य नव्हते. तो थर शिल्लक राहिला, कारण १८८६ नंतर कोणीतरी पगारी माणूस तिथे उभा होता आणि झऱ्याकाठी हॉटेल बांधू देत नव्हता. उद्यानाचे मोल मोजताना असे न कळलेलेच फार असते. कात्री चालवणाऱ्याला ते दिसत नाही, आणि राखणाऱ्यालाही दिसत नाही.

कपात उद्यानात नेमकी कशी उतरते, हे २०१३ च्या यलोस्टोनवरून समजते. तुटीवर राजकीय पक्षांचे एकमत न झाल्याने त्या मार्चमध्ये सरसकट कात्री लागली. उद्यान सेवेच्या वाट्याला ५ टक्के आली आणि यलोस्टोनला सुमारे साडेसतरा लाख डॉलर कमी करायचे होते. तिथले रस्ते हिवाळाभर बर्फाखाली असतात आणि वसंतात नांगर लावलेल्या गाड्यांनी ते मोकळे करावे लागतात. हे काम दोन आठवडे लांबवले तर ऊन थोडा बर्फ फुकट वितळवील, असा अधीक्षकांनी हिशेब केला. कागदावर तो बिनचूक होता. पण उद्यानाच्या दारात कोडी आणि जॅक्सन ही गावे आहेत आणि त्यांचा वर्षाचा धंदा काही महिन्यांत उरकतो. दोन आठवडे दार बंद म्हणजे हंगामाचा लचकाच. शेवटी दोन्ही गावांतल्या व्यापाऱ्यांनी सुमारे १ लाख ७० हजार डॉलर वर्गणी जमवली, वायोमिंग राज्याने आपल्या गाड्या आणि चालक दिले, आणि २,६०० मीटर उंचीवरच्या सिल्व्हन खिंडीतला बर्फ ठरल्या वेळी हटला.

ही गोष्ट लोकांच्या उत्साहाची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. बर्फ हटला, कारण यलोस्टोन प्रसिद्ध आहे आणि त्याच्या शेजारी पैसेवाली गावे आहेत. एखाद्या आडबाजूच्या रणभूमीसाठी, किंवा गुलामगिरीच्या आठवणी जपणाऱ्या लहानशा घरासाठी वर्गणी कोण काढणार? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकार १६ दिवस ठप्प झाले आणि उद्यानांना टाळे लागले, तेव्हाही हेच झाले. युटा, अ‍ॅरिझोना अशा राज्यांनी पदरचे पैसे भरून आपापली नावाजलेली उद्याने उघडून घेतली. बाकीच्यांनी वाट पाहिली. त्या सोळा दिवसांत आसपासच्या गावांचा ४१ कोटी ४० लाख डॉलरचा धंदा बुडाला, असा खात्याचा अंदाज आहे.

टाळे लावणे हे खात्याच्या हातातले हत्यारही असते, हे कबूल करायला हवे. १९६९ मध्ये निधी कापला गेला तेव्हा संचालक जॉर्ज हार्टझॉग यांनी वॉशिंग्टन स्मारक आणि ग्रँड कॅन्यन आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवले. लोक खवळले, पैसे परत मिळाले. तेव्हापासून कपात झाली की नेमकी लोकांना झोंबेल तीच सेवा थांबवायची, ही खेळी सगळ्या खात्यांच्या नावावर जमा आहे. राज्यकर्तेही यातून धडा शिकले. डिसेंबर २०१८ मध्ये सरकार पुन्हा ठप्प झाले, ३५ दिवस, तेव्हा बहुतेक उद्यानांची दारे उघडीच ठेवली गेली. आत माणसे मात्र जवळपास नव्हती. जोशुआ ट्री उद्यानात लोकांनी वाळवंटात गाड्या घालून नव्या वाटा पाडल्या, झाडे तोडली, संडास तुंबले. जोशुआचे झाड वर्षाला काही सेंटिमीटर वाढते. त्या काळात उद्याने चालवण्यासाठी प्रवेशशुल्काचा पैसा वापरणे बेकायदा होते, असा निष्कर्ष काँग्रेसच्या लेखातपासणी संस्थेने नंतर काढला.

२०२५ मध्ये घडले ते या सगळ्याचे मोठे रूप होते. १४ फेब्रुवारीला उद्यान सेवेतल्या सुमारे १,००० परिवीक्षाधीन कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढून टाकले. योसेमिटीतला एकुलता एक कुलूपवालाही त्यांत गेल्याच्या बातम्या आल्या. आठवडाभराने तिथल्या कर्मचाऱ्यांनी एल कॅपिटन या प्रचंड कड्यावरून राष्ट्रध्वज उलटा सोडला. तिकडे ती संकटाची खूण असते. न्यायालयांनी काहींना परत घ्यायला लावले, पण स्वेच्छानिवृत्ती, नोकरभरती बंद, राजीनामे यांची गळती चालू राहिली. उद्यानांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय उद्यान संरक्षण संघाने जुलैमध्ये सांगितले की जानेवारीपासून कायम कर्मचाऱ्यांत २४ टक्के घट झाली आहे. पुढच्या वर्षासाठी सरकारने १०० कोटी डॉलरहून मोठी कपात मांडली आणि कमी प्रसिद्ध स्थळे राज्यांकडे सोपवावीत असेही सुचवले. प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे, तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे असते. पण नोकरी सोडून गेलेला अनुभवी रेंजर प्रस्ताव बारगळला म्हणून परत येत नाही.

त्याआधी २०२५ च्याच एप्रिलमध्ये आदेश निघाला होता की काहीही झाले तरी उद्याने उघडी राहिली पाहिजेत. ऐकायला चांगले आहे. त्याचा अर्थ काय होतो पाहा. उद्यानातली काही कामे दिसणारी असतात: तिकीट, संडास, कचरा, माहिती केंद्र. काही न दिसणारी: परक्या तणाचा बंदोबस्त, झऱ्यांच्या पाण्याची तपासणी, अस्वलांची गणती, पुरातन भिंतींची डागडुजी. माणसे कमी झाली आणि दार उघडेच ठेवायचे, तर न दिसणाऱ्या कामावरचा माणूस उचलून दिसणाऱ्या कामावर लावावा लागतो. पर्यटक येतो, संडास स्वच्छ पाहतो आणि कपातीने काही बिघडले नाही असे म्हणत घरी जातो. त्यातून लहान उद्यानात एकच माणूस तिकीट फाडतो, प्रथमोपचार करतो आणि वेळ पडली तर दोर घेऊन दरीतही उतरतो. कागदावर एक पद कमी होते, जागेवर तीन.

टाळलेल्या डागडुजीचे बिल किती फुगते, ते ग्रँड कॅन्यनला विचारावे. दक्षिण कड्यावरच्या हॉटेलांना, वसाहतीला, पर्यटकांना पाणी येते ते दरीच्या पलीकडून आलेल्या २० किलोमीटर लांबीच्या नळातून. हा नळ १९६० च्या दशकाच्या अखेरीस टाकला. त्याचे आयुष्य कधीच संपले, तरी ठिगळे लावून तो चालवला गेला. २०१० पासून तो ८५ हून अधिक वेळा फुटला. दुरुस्तीला माणसे आणि सामान हेलिकॉप्टरने दरीत उतरवावे लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये तो लागोपाठ फुटला आणि ऐन सुटीच्या गर्दीत कड्यावरच्या हॉटेलांतला मुक्काम बंद करावा लागला. नव्या वाहिनीचे काम आता चालू आहे. खर्च २० कोटी ८० लाख डॉलर. देशभरातल्या उद्यानांत अशा तुंबलेल्या कामांची बेरीज सुमारे २,३०० कोटी डॉलर आहे. म्हणजे खात्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या पैशाच्या जवळपास सातपट. २०२० मध्ये दोन्ही पक्षांनी एकत्र येऊन पाच वर्षांसाठी खास निधी मंजूर केला, तरी बेरीज हटली नाही.

यावर उपाय म्हणून नेहमी पुढे येतो तो मार्ग म्हणजे तिकीट वाढवा, उद्यान स्वतःच्या कमाईवर चालवा. ताडोबाच्या दारातला पैसा व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जातो आणि तिथेच खर्च होतो. ती पद्धत चांगली आहे. पण ताडोबाला वाघ आहे म्हणून रांग आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या चांदोली राष्ट्रीय उद्यानाला तशी रांग लागत नाही, आणि तिथले रान काही कमी मोलाचे नाही.

अमेरिकेने १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांसाठी वार्षिक पासाची किंमत २५० डॉलर केली. पास नसेल तर यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी यांसारख्या ११ गर्दीच्या उद्यानांत नेहमीच्या तिकिटावर माणशी १०० डॉलर जादा. पुण्या-मुंबईहून सहलीला निघणाऱ्यांनी आणि मुलाकडे बे एरियात उन्हाळा काढायला जाणाऱ्या आईवडिलांनी हे आधीच हिशेबात धरावे. हे पैसे देताना एक माहिती सोबत असू द्या. प्रवेशशुल्काच्या २००४ च्या कायद्यानुसार शुल्काचा मोठा भाग त्याच उद्यानात राहतो, त्यातून रस्ते, पायवाटा, संडास दुरुस्त होतात. मात्र संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतल्या प्राण्यांच्या जैविक निरीक्षणासाठी तो वापरायला त्याच कायद्याने मनाई आहे. यलोस्टोनचे ग्रिझली अस्वल त्या यादीत आहे. त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा पगार तुमच्या तिकिटातून निघत नाही, तो काँग्रेसलाच मंजूर करावा लागतो.